उधळलेली बैठक, सायबर तक्रार आणि दारावरच्या बायका

एप्रिल २०२५मध्ये आमच्या महिला मंडळाची आखाजीच्या, म्हणजे खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांची ऑनलाइन बैठक काही अनोळखी लोकांनी आत घुसून, अश्लील चित्रफीत लावून उधळली. त्यानंतर सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवणे, पोलिसांपुढे जबाब देणे आणि जुलैमध्ये कानबाईच्या, म्हणजे खान्देशात श्रावणात बसवतात त्या देवीच्या, गाण्यांची बैठक पुन्हा भरवणे, एवढे सगळे आम्हाला करावे लागले. या विषयावरची माहिती इंग्रजीत भरपूर आहे; परंतु साठी ओलांडलेल्या, नातवाच्या फोनवरून बैठकीला येणाऱ्या बायकांचा विचार करून लिहिलेले काही मला त्या दिवसांत सापडले नाही, म्हणून घडले त्या क्रमाने सविस्तर लिहीत आहे.

मी अमळनेरला राहते. आमच्या मंडळात अमळनेर, पारोळा, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांतील गावांमधल्या गाणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या लेकीसुना सुरतेला उधना-लिंबायत भागात, पुण्याला, नाशिकला पांगलेल्या आहेत. गौराईची आणि झोक्यावरची अहिराणी गाणी ज्यांना पाठ आहेत त्या गावात, आणि ज्यांना ती शिकायची आहेत त्या परगावी, अशी स्थिती असल्यामुळे झूमवर बैठक घ्यावी असे ठरले. नाशिकला शिकवण्या घेणाऱ्या माझ्या भाचीचे पैसे भरून घेतलेले झूमचे खाते होते, त्यामुळे फुकटच्या खात्याला असते ती चाळीस मिनिटांची मर्यादा आम्हाला नव्हती. बैठकीची सुबक जाहिरात तयार झाली आणि तिच्यावर तारीख, वेळ व थेट बैठकीचा दुवा छापला गेला. ती व्हॉट्सॲपवरून फिरली, तिथून खान्देशी मंडळींच्या फेसबुक गटांवर गेली, आणि दोन-तीन दिवसांत ती कुठे कुठे पोचली आहे हे कोणालाच सांगता येईना.

बैठक रविवारी, २० एप्रिलला दुपारी चार वाजता सुरू झाली. साठ-सत्तर जणी जमल्या होत्या. पहिली दोन गाणी चांगली झाली. तिसरे गाणे चालू असताना कोणीतरी मोठ्याने हिंदी शिव्या द्यायला सुरुवात केली, पाठोपाठ पडद्यावर वेड्यावाकड्या लाल रेघा उमटल्या, आणि मग कोणीतरी आपला पडदा सर्वांना दाखवून ती चित्रफीत लावली. भाची एकेकाला बाहेर काढत होती. पण आत शिरलेल्यांनी एव्हाना आपली नावे बदलून यादीतल्याच बायकांची नावे धारण केली होती. त्यामुळे यादीत एकाच नावाच्या दोन-दोन ओळी दिसू लागल्या आणि त्या गडबडीत चोपड्याकडच्या आमच्या एका ज्येष्ठ गायिका, ज्यांना सगळ्या जिजी म्हणतात, त्याच बाहेर काढल्या गेल्या. झूममध्ये एकदा काढलेल्या माणसाला त्याच बैठकीत पुन्हा येता येत नाही, ही सोय मुळात घुसखोरांसाठी आहे. त्या दिवशी ती जिजींना लागू झाली. शेवटी भाचीने बैठकच बंद केली.

त्या संध्याकाळी आलेले फोन मला बैठकीपेक्षा जड गेले. काही घरांमधून मुलांनी किंवा सुनांनी सांगितले की आता आमच्या आईला यात घेऊ नका. एका बाईंच्या शेजारी त्यांची शाळकरी नात बसलेली होती. जिजींना तर वाटले की आपल्यालाच कोणी मुद्दाम घालवले. "माले बाहेर काढी दिधं, मी काय परकी शे का?" असे त्या म्हणाल्या, आणि पुढे कितीतरी दिवस माझा फोन घेत नव्हत्या.

तक्रार करावी की नाही यावर मंडळात सरळ दोन तट पडले. "गावात चर्चा होईल, उलट आपल्याच बायकांची नावे पोलिसात जातील," असे एका बाजूचे म्हणणे होते आणि ते मला अगदीच चुकीचे वाटले नाही. वकिली करणाऱ्या एका नातेवाइकांनी मात्र समजावून सांगितले की बाईच्या इच्छेविरुद्ध तिला अश्लील साहित्य दाखवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५खाली लैंगिक छळाचा गुन्हा आहे, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००ची कलमे ६७ आणि ६७-अ ही अशा साहित्याच्या प्रसारासाठीच आहेत. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली, ती सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा प्रसंगाचे चित्रमुद्रण किंवा पडद्याचे फोटो "बघा, काय झाले" म्हणून गटांवर पुढे पाठवू नयेत, कारण अश्लील साहित्य पुढे पाठवणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. आमच्या एका गटावर असा फोटो आलेला होता. तो त्याच रात्री काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी भाचीने पुरावा गोळा केला. तिने बैठक चालू असतानाच उपस्थितांच्या यादीचे स्क्रीनशॉट घेतले होते. त्यांच्यासोबत बैठकीचा क्रमांक, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, घुसखोरांनी लावलेली मूळ आणि बदललेली नावे, आणि फेसबुकवर जाहिरात जिथे जिथे दिसली त्या ठिकाणांचे पत्ते तिने एका कागदावर तारीखवार लिहिले. झूमकडेही तिने तक्रारीचा अर्ज भरला. बैठक घेणाऱ्याला, म्हणजे यजमानाला, आपल्या बाजूने घुसखोराचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा क्रमांक, दिसत नाही. तो कंपनीकडून मागवावा लागतो आणि ते काम पोलिसांचे, हे आम्हाला तेव्हाच कळले.

मंगळवारी, २२ एप्रिलला आम्ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार भरली. इथे एक खुलासा करते. १९३० हा क्रमांक सर्वांच्या तोंडी आहे, पण तो मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे; आमच्यासारख्या प्रकरणासाठी पोर्टलवरचा महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचा भाग उघडावा लागतो. त्यात नाव न देता तक्रार करण्याचीही सोय आहे, मात्र पुढे काय झाले हे पाहायचे असेल तर मोबाइल क्रमांक देऊन, ओटीपी टाकूनच तक्रार भरावी. घटनेचे वर्णन किमान दोनशे अक्षरांचे लागते आणि त्यात विशेष चिन्हे चालत नाहीत. आम्ही बैठकीचा दुवा जसाच्या तसा त्या चौकटीत चिकटवला होता, त्यातल्या चिन्हांमुळे अर्ज पुढे सरकेना; तो दुवा वेगळ्या कागदावर छापून पुरावा म्हणून जोडल्यावर काम झाले. मजकूर आधी वेगळा लिहून ठेवावा आणि मग चिकटवावा, नाहीतर मध्येच वीज गेली की सगळे पुन्हा लिहावे लागते. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे वीज जातेच. तक्रार दाखल झाल्यावर मोबाइलवर पोच क्रमांक आला. तो मी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झाले नाही. ३० एप्रिलला आखाजी होऊन गेली. दरवर्षी अंगणात झोका बांधला जातो तसा यंदाही बांधला, परंतु बैठकीचा विषय कोणी काढत नव्हते. पोर्टलवर पोच क्रमांक टाकला की तक्रार आमच्या जिल्ह्याकडे वर्ग झाल्याचे दिसे, इतकेच. मेच्या मध्यावर फोन आला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलीस ठाण्यात जबाबासाठी बोलावले. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फारसा झाला नाही. पेनड्राइव्ह, झेरॉक्स आणि छपाई धरून एकूण हजार रुपयांच्या आत भागले. जाताना आधार कार्डाची प्रत, पोर्टलवरच्या तक्रारीची छापील प्रत, पुराव्याच्या मूळ फाइली आणि घटनाक्रमाचा कागद एवढे न्यावे. पाण्याची बाटली आणि दुपारची भाकरी मात्र विसरू नये, कारण मे महिन्यात तिथला दिवस मोठा असतो.

जबाब घेणाऱ्या महिला अधिकाऱ्यांशी बोलताना मला वाटत होता तितका संकोच झाला नाही. "ताई, पडद्यावर काय दिसलं हे एका वाक्यात सांगितलं तरी पुरे, पण किती वाजता आणि कोणत्या नावाखाली, हे नीट सांगा," असे त्या म्हणाल्या. पोर्टलवर तक्रार नोंदवली म्हणजे एफआयआर झाला असे नसते, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करतो, आणि कंपनीकडून नोंदी मागवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली पत्र द्यावे लागते, हेही त्यांनीच समजावले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो प्रमाणपत्रात. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचा ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्याने आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला अंक-अक्षरांचा लांब क्रम. फाइलमध्ये किंचितही बदल झाला की तो बदलतो. भाचीने स्क्रीनशॉट मला व्हॉट्सॲपवर पाठवले होते आणि व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते, त्यामुळे माझ्या फोनमधल्या प्रती मूळ फाइलींशी जुळत नव्हत्या. मूळ फाइली तिच्या संगणकावर होत्या. तेव्हा तिला पेनड्राइव्ह घेऊन नाशिकहून यावे लागले आणि प्रमाणपत्राचा ‘अ’ भाग तिच्याच नावाने झाला. ज्याच्या यंत्रावर पुरावा तयार झाला त्यालाच पहिल्या खेपेला सोबत नेले, तर एक हेलपाटा वाचतो.

जूनमध्ये पेरण्यांची धांदल असताना संध्याकाळी आम्ही काही जणी बसून पुढच्या बैठकीचा विचार करू लागलो. केंद्रीय गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, झूमच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या होत्या. त्या आजही कामाच्या आहेत: प्रत्येक बैठकीला नवा क्रमांक व नवा पासकोड घ्यावा, प्रतीक्षा कक्ष चालू ठेवावा, यजमानाच्या आधी कोणाला आत येऊ देऊ नये, पडदा दाखवण्याचा अधिकार फक्त यजमानाकडे असावा, काढलेल्या माणसाला परत येऊ देऊ नये, सगळे आले की बैठकीला कुलूप लावावे, आणि शेवटी नुसते बाहेर न पडता बैठक सर्वांसाठी समाप्त करावी. यातल्या बहुतेक आम्ही जशाच्या तशा घेतल्या. पडद्यावर रेघा ओढण्याची सोय आणि स्वतःचे नाव बदलण्याची सोयही बंद केली, कारण आमचे खरे नुकसान नाव बदलण्याने झाले होते.

पासकोडवर मात्र माझा फारसा विश्वास राहिला नाही. झूमच्या दुव्यातच पासकोड दडलेला असतो. दुवा ज्याच्या हाती, त्याला पासकोड विचारला जात नाही. २०२० साली अमेरिकेत बोस्टन आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘या बैठकीत घुसा’ अशा समाजमाध्यमांवरच्या हाका तपासल्या, तेव्हा बहुतेक हाका बैठकीत रीतसर प्रवेश असलेल्यांनीच दिलेल्या आढळल्या. आतला माणूसच दुवा देत असेल तर पासकोड कोणाला अडवणार? प्रत्येकाला स्वतंत्र दुवा देणे हा त्यांनी सुचवलेला उपाय होता आणि पैसे भरलेल्या खात्यावर नावनोंदणी चालू करून तो करता येतो. आम्ही करून पाहिला. परंतु नावनोंदणीला ईमेल लागतो, आणि आमच्या निम्म्या बायकांचा ईमेल म्हणजे फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेला, ज्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, असा. शहरातल्या गटांनी हा मार्ग जरूर घ्यावा. आम्ही सोडून दिला.

मग उरला प्रतीक्षा कक्ष, म्हणजे आलेल्यांना बाहेर थांबवून यजमानाने एकेकाला आत घेणे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या सरावाला प्रतीक्षा कक्षात जी नावे दिसली ती अशी होती: ‘रेडमी नोट’, ‘गॅलक्सी’, ‘विकीभाऊ’, पुन्हा ‘रेडमी नोट’, ‘पप्पा’, आणि एक नुसतेच बदामाचे चिन्ह. यातली पारोळ्याची मावशी कोणती आणि परका कोण, हे कसे ओळखायचे? बायकांना नावे बदलून या असे सांगणे म्हणजे त्यांनाच परत पाठवण्यासारखे होते. सुरक्षेच्या नावाखाली आपण आपल्याच माणसांना दाराबाहेर ठेवू, ही भीती मला घुसखोरांपेक्षा मोठी वाटू लागली.

तोडगा जिजींच्या सुनेने काढला. जिजींचा राग जावा म्हणून मी चोपड्याला गेले होते. शेवभाजी-भाकरीच्या पंगतीवर सुनेने सहज विचारले की लग्नात दोन्हीकडची माणसे ओळखायला दोन्हीकडची जुनी माणसे मांडवाच्या दाराशी बसतात, तशी इथे का बसू नयेत. त्याप्रमाणे आम्ही तालुकावार दारावरच्या बायका नेमल्या. प्रत्येकीकडे तिच्या गावांतल्या बायकांची नावे आणि फोन क्रमांक असलेली वही. साडेतीन वाजल्यापासून ती एकेकीला फोन लावणार आणि म्हणणार, "आता दुवा दाबा." त्या क्षणी प्रतीक्षा कक्षात जे नवे नाव उगवेल ते तिचे, मग ते ‘पप्पा’ असो की ‘विकीभाऊ’. ते नाव दारावरची बाई व्यवस्थापनाच्या व्हॉट्सॲप गटावर कळवणार, भाची आत घेणार, आणि लगेच नाव बदलून ‘पारोळा, शांताबाई’ असे करणार. दोन नावे एकदम आली तर दोघींनाही बाहेर पडून पुन्हा दाबायला सांगायचे. प्रतीक्षा कक्षात दिसणारी सूचनाही भाचीने मराठीत बदलून घेतली: "थोडं थांबा. तुम्हाला फोन येईल."

जाहिरातीवर या वेळी दुवा नव्हता. "दुव्यासाठी आपल्या तालुक्याच्या ताईंना फोन करा" एवढेच छापले, आणि दुवा बैठकीच्या दिवशी दुपारी एकेकीला स्वतंत्र पाठवला.

सरावात भाचीच्या एका मैत्रिणीला मुद्दाम घुसखोर व्हायला सांगितले. झूममध्ये ‘सिक्युरिटी’ या ढालीच्या खुणेखाली, नव्या आवृत्तीत ‘होस्ट टूल्स’मध्ये, सर्वांची हालचाल एका फटक्यात थांबवणारे बटण आहे. ते दाबले की आवाज, चित्र, लिखित गप्पा, पडदा दाखवणे, सगळे बंद पडते, आणि मग यजमानाने एकेक सोय पुन्हा चालू करायची. भाचीने ते दाबले तेव्हा बटण उत्तम चालले, पण वीज गेली असे समजून निम्म्या बायका फोन ठेवून निघून गेल्या. तेव्हा दुसऱ्या सरावापूर्वी प्रत्येकीला सांगितले की पडदा एकदम काळा आणि गप्प झाला तर फोन हातातच ठेवायचा.

कुलूप लावण्याची सूचना आम्ही पाळली नाही. आमच्याकडे रेंज जाते, वीज जाते, मध्येच नातवाला फोन हवा असतो. कुलूप लावलेल्या बैठकीत अशी बाई परत येऊच शकत नाही. त्याऐवजी दारावरच्या दोघी शेवटपर्यंत बसून राहतील असे ठरले. आवाजाचाही प्रश्न होता. बायकांनी स्वतः आवाज चालू करण्याची सोय बंद ठेवली, तर गाणारीच्या पडद्यावर परवानगीची चौकट येते आणि तिने ती दाबावी लागते. म्हाताऱ्या बायकांना ती चौकट दिसत नाही. म्हणून ज्यांना गायचे होते त्यांच्या घरच्या मुलींकडून हे एवढेच काम पुन्हा पुन्हा करून घेतले. बाकीच्यांचा आवाज तसाही बंदच ठेवावा लागतो, कारण ऑनलाइन कोरसमध्ये प्रत्येकीचा सूर मागेपुढे पोचतो.

२७ जुलैच्या रविवारी, नागपंचमीच्या आधी दोन दिवस, बैठक झाली. दारावरच्या बायकांचे काम पुरे व्हायला आम्हाला वाटले होते त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला आणि पहिले गाणे साडेचारला सुरू झाले. संख्या एप्रिलपेक्षा कमी होती. ज्या घरांनी नको म्हटले होते त्यांतली काही अजूनही आलेली नाहीत. प्रतीक्षा कक्षात ओळख न पटलेली दोन नावे आली. त्यांतले एक लिंबायतच्या एका बाईंच्या जावयाचा फोन निघाला आणि त्यांना बराच वेळ बाहेर थांबावे लागल्याबद्दल त्यांनी आम्हाला चांगलेच सुनावले. दुसऱ्याला कोणीच ओळखत नव्हते, फोनही कोणी लावलेला नव्हता; त्याला आत घेतले नाही. जिजींनी कानबाईची दोन गाणी म्हटली, मध्ये एकदा त्यांची रेंज गेली, आणि दारावरच्या बाईने त्यांना आठवणीने परत आत घेतले.

पोलिसांकडून शेवटचे कळले ते असे की कंपनीला पत्र गेले असून नोंदी येण्याची वाट पाहणे चालू आहे. पोच क्रमांक टाकून मी अधूनमधून पोर्टल पाहते. ज्यांना आमच्या वहीचा नमुना हवा असेल त्यांच्यासाठी रकाने सांगते: गाव, नाव, घरातली ओळख, म्हणजे कोणाची सून किंवा लेक, स्वतःचा फोन क्रमांक, ज्या फोनवरून येणार तो कोणाचा, तो झूममध्ये कोणत्या नावाने दिसतो, आणि रेंज गेली तर शेजारचा कोणता क्रमांक लावायचा. सरावाच्या दिवशीच सहावा रकाना भरून घेतला, की बैठकीच्या दिवशी निम्मे फोन करावे लागत नाहीत.